विजूचं ‘आमचं पण’

विजू, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या, तुझा चिन्मय सुट्टी संपवून बंगलोरला गेला. आता समोरच्या घरात भाऊजी एकटे आणि इकडे मी. मधे आपली सुदामा नगरातली ती अरुंद गल्ली. ती ओलांडून मी रोज जाते, विचारते, "भाऊजी, काही हवंय का?" ते म्हणतात, "नाही." मग आम्ही थोडा वेळ बसतो. तुझ्याविषयी बोलायचं दोघांनाही असतं, पण सुरुवात कोणी करायची ते ठरत नाही. मी परत येते.

मला बोलायचंय ते तुझ्याशीच. तू होतीस तेव्हा ते झालं नाही. आधी मी बोलत नव्हते म्हणून, आणि नंतर तुला बोलता येत नव्हतं म्हणून.

शोकसभेत मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "इंदुरात मराठी टिकावी म्हणून विजयाताईंनी मुलांचं मासिक काढलं." मी मागच्या रांगेत होते. मला वाटलं, आता तू उठशील आणि म्हणशील, "अहो, मी काही टिकवायला-बिकवायला काढलं नाही." खरं कारण मला माहीत आहे. मी तेव्हा तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते.

मंडळाच्या कार्यक्रमात गणपतीतली स्मरणिका नुकतीच वाटली होती. तिच्यात ‘बालविभाग’ म्हणून चार पानं. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या नावावर ‘निसर्गाची किमया’ आणि ‘मातेची थोरवी’ असल्या कविता. तू पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलंस, "ही तू लिहिलीस?" ती म्हणाली, "नाही, मम्मीने लिहिली. माझं फक्त नाव आहे." तुला इतकं हसू आलं की तू ओढणी तोंडात कोंबलीस. मुलगी मात्र हसली नाही. पान उलटून तिने तुला विचारलं, "मतलब हे पण मोठ्यांचंच आहे ना? मग आमचं पण काढा ना."

पुढच्या रविवारी तुझ्या पुढच्या खोलीत पाच मुलं बसलेली होती. सांवेर रोडवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तू ऑफिसात होतीस. तिथून कागद कापून उरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा तू स्कूटीवर पुढे ठेवून आणलास. पट्ट्या लांबट होत्या, म्हणून पहिला अंकही लांबट निघाला, काकडीसारखा. मुलांनी हाताने लिहिला, झेरॉक्स काढल्या, भाऊजींनी दाभणाने शिवला. नाव त्या मुलीचेच शब्द घेऊन ठेवलं होतं: ‘आमचं पण’. वर्षातून चार वेळा काढायचा, चौदा वर्षांवरच्या कुणाचं एक अक्षरही घ्यायचं नाही, आणि काय छापायचं ते मुलांनीच मताच्या चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. हे सगळं त्या एका दुपारी ठरलं.

तिसऱ्या अंकाला तू माझ्याकडे आलीस. "उषा, तुला मराठी टाइप करता येतं. तू ये."

मला किती आनंद झाला होता! एकतीस वर्षं शाळेत हिंदी-संस्कृत शिकवून मी नुकती रिटायर झाले होते आणि घरात माझं कुणाला काही काम उरलं नव्हतं. मी लाल पेन घेऊनच आले. तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस.

"हे बघ, फक्त टाइप करायचं. शिकवायचं नाही."

"म्हणजे चुका तशाच ठेवायच्या?"

"चूक वाटली तर ज्याची आहे त्याला फोन करायचा. तो हो म्हणाला तर बदलायची."

"मी त्या टीचभर पोरांची परवानगी मागू?"

"हो. फोन आहे ना तुझ्याकडे?"

मी चिडले होते, आणि तरी केला मी फोन. ईशान तेव्हा आठ वर्षांचा. त्याने लिहिलं होतं, ‘माझा कुत्रा भौत हुशार आहे.’ मी म्हटलं, "ईशान, ‘भौत’ हिंदी आहे. मराठीत ‘खूप’ म्हणतात. ‘खूप’ करू का?" तो म्हणाला, "नको काकू. खूप कमी असतं. तो भौत आहे." मी हे तुला सांगायला गल्ली ओलांडून धावत आले होते. तू पोळ्या करत होतीस. तव्यावरची पोळी जळेपर्यंत आपण हसलो.

तेवढं एक सांगते, विजू. त्या पाच-सहा वर्षांत मी जितकं हसले तितकं आधीच्या साठ वर्षांत हसले नसेन. शाळेत मुलं माझ्यापुढे उभी राहायची. इथे ती माझ्या खुर्चीच्या हातावर बसून स्क्रीनमध्ये डोकावायची आणि म्हणायची, "काकू, हे मी असं नव्हतं लिहिलं हं." हे तू मला दिलंस. मी तुला कधी म्हटलं नाही.

तरी माझ्यातली शाळेची बाई कुठे जाते? ती बसून होती आत.

मिनू जुनी इंदूर भागातून यायची. तिची आई तिला स्कूटीवरून सोडायची आणि न थांबता परत जायची, घरी आजारी सासरे आहेत म्हणून. ते सासरे म्हणजे मिनूचे आजोबा. त्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. लहानपणी आमच्या वडिलांबरोबर मी त्यांच्या घरी गेले आहे, भिंतीवरची तलवार बघितली आहे. वडील त्यांना बसल्या जागेवरून उठून नमस्कार करायचे. आता त्यांना माणसं ओळखू येत नव्हती.

मिनू अकरा वर्षांची. चार महिने ती फक्त चित्रं द्यायची. मग एका रविवारी तिने वहीचं पान दिलं. मुलांनी ते एकमताने घेतलं. मी घरी टाइप करायला बसले. ते मला पाठ आहे:

‘आमचे आजोबा पलंगावर असतात. ते मला कमल म्हणतात. कमल कोण आहे ते कुणालाच पता नाही. मी कमल बनून त्यांना पाणी देते. ते दिवसभर चिल्लावतात आणि रात्री पण. त्यांनी आईला चप्पल फेकून मारली. आई रडली नाही, तिने चप्पल जागेवर ठेवली. आई कधीच झोपत नाही. मला वाटतं आजोबा आता मरून गेले तर चालेल. मग आई झोपेल.’

मी उठून पाणी प्यायले. परत बसले. शेवटची दोन वाक्यं काढली आणि त्या जागी लिहिलं, ‘तरी मला माझे आजोबा खूप आवडतात. ते लवकर बरे व्हावेत अशी मी देवाजवळ प्रार्थना करते.’ चपलेचं वाक्यही काढलं. फोन केला नाही. अंक छापायला गेला.

तुला अंक हातात आल्यावर कळलं. तू दारातूनच बोलायला लागलीस.

"उषा, हे काय करून ठेवलंस तू?"

"विजू, तो माणूस अजून जिवंत आहे. त्या घरात हा अंक जाणार. तिची आई वाचणार. सगळा समाज वाचणार. पोरीने आजोबांच्या मरणाची वाट बघितली असं छापायचं?"

"मग मला सांगायचं, मुलांना सांगायचं. नसतं छापलं. तिला विचारून नसतं छापलं! पण तू तिच्या तोंडात तुझं वाक्य घातलंस. तिने कधी प्रार्थना केली? तू बघितलीस?"

"मुलांना काय कळतं विजू, काय लिहावं आणि..."

"बस. मग जा आणि त्या स्मरणिकेतच काम कर."

मला ते लागलं. तू पुढे म्हणालीस, "तिच्याकडे जा आणि सॉरी म्हण." मी म्हणाले, "अकरा वर्षांच्या पोरीला? मी?" तू निघून गेलीस. रविवारी मिनू आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

तीन आठवडे आपण बोललो नाही. तीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा. तुला वाटत असेल मी रागात होते. पहिला आठवडा होते. मग मला फक्त सुरुवात सुचत नव्हती. तुझं म्हणणं निम्मं बरोबर आहे असं मला वाटायला लागलं होतं, पण निम्मंच. अजूनही निम्मंच वाटतं. ती दोन वाक्यं तशीच छापून आली असती आणि तिच्या घरात काही भलतं झालं असतं, तर मग तू काय म्हणाली असतीस? हे मला तुला विचारायचं होतं. भांडून विचारायचं होतं.

आता ती सकाळ. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. भाऊजींनाही नाही.

कचऱ्याची गाडी नुकती गल्लीतून गेली होती. मी खिडकीत चहा घेत होते. तू फाटकासमोर झाडत होतीस. तुझ्या हातातून झाडू पडला. तू उचलायला वाकलीस, तो उचलला गेला नाही. तू दुसऱ्यांदा वाकलीस, मग फाटकाला धरून तशीच उभी राहिलीस आणि मान वळवून माझ्या खिडकीकडे पाहिलंस. मला वाटलं, मी बघत्ये हे हिने बघितलं. आता ही म्हणेल, बोलत नाही आणि चोरून बघते. मी पडदा ओढला.

पडदा ओढून मी चहा संपवला. कप धुतला. मग भाऊजींची हाक ऐकू आली, "अहो, कुणी या हो!"

किती मिनिटं गेली, मी मोजली नाहीत. दवाखान्यात डॉक्टर चिन्मयला फोनवर सांगत होते की अशा झटक्यात वेळ फार महत्त्वाची असते. मी तिथेच बाकावर बसले होते. मी उठून बाहेर गेले.

तुझी उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. पाचव्या दिवशी तू पहिल्यांदा बोललीस. नर्सने विचारलं, "आंटीजी, पानी?" तू म्हणालीस, "तसं नाही." भाऊजी आनंदाने रडले. मग तुला विचारलं, उशी वर करू? "तसं नाही." दुखतंय का? "तसं नाही." संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की तेवढंच उरलंय. लिहायलाही जमत नव्हतं. डाव्या हातात पेन दिलं तर रेघ यायची, अक्षर नाही. बोलणं शिकवायला येणारी ती मुलगी आम्हाला समजावायची, "ह्यांना बहुतेक सगळं समजतं. पण हे दोन शब्द आपोआप येतात. त्यांचा अर्थ लावू नका."

अर्थ लावू नका म्हणे. मी चार महिने दुसरं काय केलं?

मोठी माणसं भेटायला आली की दहा मिनिटांत उठायची. तू बोलायला जायचीस, तेच दोन शब्द यायचे, तू चिडायचीस, पुन्हा तेच यायचे, आणि मग समोरचा माणूस मोठ्याने बोलायला लागायचा, जशी काही तू बहिरी झाली आहेस. मुलांचं तसं नव्हतं. ती आली, पहिल्यांदा घाबरली, आणि अर्ध्या तासात त्यांनी त्याचा खेळ केला. ईशानने विचारलं, "विजूमावशी, दोन और दोन पाच ना?" तू म्हणालीस, "तसं नाही." "उषाकाकूंना भौत अक्कल आहे ना?" "तसं नाही!" सगळी पोरं गादीवर लोळली. तूही हसलीस, तोंड एका बाजूला ओढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अंक तेव्हाच थांबला. मुलं मजकूर आणायची, तुला वाचून दाखवायची, पण चिठ्ठ्या कुणी टाकल्या नाहीत.

एके दिवशी मी जुनी इंदूरला गेले. तुझ्यासाठीच गेले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मिनूला सॉरी म्हणून येईन आणि तुला सांगेन, झालं बाई, आता माझ्याकडे बघ.

मिनूच्या आईने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, पण इतकी खूश झाली मला बघून! "काकू, या ना, या! बरं झालं आलात. तुम्हाला काही दाखवायचंय." तिने मला आजोबांच्या खोलीत नेलं. ते झोपले होते. पलंगाच्या उशाशी भिंतीवर ‘आमचं पण’चं ते पान चिकटवलेलं होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून.

ती म्हणाली, "मी त्यांना रोज वाचून दाखवते. काही कळत नाही त्यांना, पण मी वाचते. सच सांगू काकू, मला वाटायचं ही मुलगी आजोबांना घाबरते, राग करते त्यांचा. तिच्या मनात एवढं प्रेम आहे हे मला पताच नव्हतं. हे वाचलं आणि मला वाटलं, चला, आपण करतोय त्याचं काही तरी झालं." आणि तिने डोळे पुसले.

मिनू दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आता काकू काय म्हणते ते.

मी काय म्हणायला पाहिजे होतं, विजू? तू काय म्हणाली असतीस? मी म्हणाले, "हो, छानच लिहिलंय." चहा प्यायले. पोहे खाल्ले.

निघताना मिनू जिन्यापर्यंत आली. मी खाली वाकून म्हणाले, "मिनू, माझं चुकलं. ते तुझं होतं, मी विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "ठीक है आंटी. कोई बात नहीं."

आजवर ती माझ्याशी हिंदी बोलली नव्हती. ‘आंटी’ तर कधीच म्हणाली नव्हती. दुकानात आपण अनोळखी माणसाला म्हणतो तसं म्हणाली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी बँकेत गेले होते आणि मी तुला भरवत होते. मी तुला सगळं सांगितलं. मिनूच्या घरचं, भिंतीवरच्या पानाचं. आणि तोंड उघडलंच होतं तर ते खिडकीचंही सांगितलं. "विजू, मी तुला बघितलं होतं. झाडू पडला तेव्हा. मी पडदा ओढून घेतला."

तू म्हणालीस, "तसं नाही."

"म्हणजे काय? तू मला बघितलं नव्हतंस का?"

"तसं नाही."

"मग बघितलं होतंस? विजू, तुला राग आहे का माझा?"

"तसं नाही. तसं नाही. तसं..." तुझा चेहरा लाल झाला. तू डावा हात उचललास आणि माझं चमच्याच्या हाताचं मनगट धरलंस. घट्ट. दूर लोटत होतीस की जवळ ओढत होतीस, मला कळलं नाही. आपण दोघी तशाच बसलो. पेज चमच्यातून चादरीवर सांडली. मग तू हात सोडलास आणि तोंड उघडलंस. मी पुढचा घास दिला. तू घेतलास.

त्यानंतर तू पंधरा दिवस होतीस. छातीत कफ झाला, पुन्हा दवाखाना, मग घरी आणलंच नाही.

मुलांना सांगायचं काम भाऊजींनी माझ्यावर टाकलं. मी आपल्या ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या लाडक्या विजूमावशी देवाघरी गेल्या.’ ईशानने लगेच विचारलं, ‘मतलब मेल्या का?’ मी ‘हो’ लिहिलं.

गेल्या रविवारी ती सगळी न बोलावता आली. सात जण. भाऊजींनी खोली उघडून दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. मुलांनी ठरवलं की अंक काढायचा. त्यांच्याकडे तुझ्यावर लिहिलेली चार पानं होती. चिठ्ठ्या टाकल्या, दोन निवडली. एक ईशानचं. दुसरं ओवीचं. ओवी नवीन आहे, नऊ वर्षांची, तुझ्याकडे दोनदाच आली असेल. पानं माझ्या हातात देऊन मुलं मागल्या अंगणात पेरू काढायला गेली.

मी घरी येऊन टाइप करायला बसले. ओवीचं असं आहे:

‘विजूमावशी आजारी होत्या तेव्हा त्यांच्या तोंडातून लाळ येत होती. मला घिन आली. त्यांनी माझ्याकडे हात केला तर मी माझे हात मागे लपवले. त्या हसल्या. मग त्या मरून गेल्या. आता मी शाळेत बसते तेव्हा पण मला ते आठवतं.’

विजू, मी उठले. पाणी प्यायले. परत बसले. लाळ हा शब्द तुझ्या नावाशेजारी माझ्याने बघवत नव्हता. हे भाऊजी वाचणार होते. चिन्मय बंगलोरला वाचणार होता. बोट त्या बटणावर ठेवून मी किती वेळ बसले सांगता येत नाही. शेवटी ओवीला फोन केला.

"ओवी, हे तू ‘घिन’ लिहिलंस ना, त्याला मराठीत ‘किळस’ म्हणतात. बदलू का?"

"किळस म्हणजे काय?"

"घिनच."

"मग राहू द्या ना, काकू."

"बरं. आणि ते लाळेचं... ते ठेवायचंच आहे का तुला?"

ती म्हणाली, "नाही ठेवलं तर मी हात का लपवले ते कसं कळणार?"

मी होतं तसं टाइप केलं. पण छापायला देण्याआधी प्रिंट काढली आणि भाऊजींकडे घेऊन गेले. तू म्हणाली असतीस, मोठ्यांना दाखवायचं नाही. मला ठाऊक आहे. पण मी एकदा पडदा ओढला होता, आता ह्या माणसाला नकळत त्याच्यासमोर हे पान येऊ द्यायचं माझ्याच्याने झालं नाही.

भाऊजींनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. कागद गुडघ्यावर ठेवला.

"यायची लाळ," ते म्हणाले. "मीच पुसत होतो ना."

"तुम्ही म्हणाल तर मुलांशी बोलते. दुसरं काही घेतील."

"नको. असू दे." मग चष्मा काढून म्हणाले, "त्या पोरीला सांगा, विजूला राग नव्हता आला."

"तुम्हाला तसं काही..."

"नाही हो. मला काय माहीत? तिला बोलता तरी येत होतं का? पण सांगा तुम्ही तिला."

मी ओवीला सांगितलं. तिने मला विचारलं, "मावशींनी सांगितलं का असं?" मी म्हणाले, "काका म्हणतात." तिने मान हलवली, पण तिला ते पुरलं नाही हे मला दिसलं. मलाही पुरलं नव्हतं.

अंक काल छापून आला. आज सकाळी मुलं वाटायला जमली. घरं ठरलेली असतात, ज्याच्या वाटेवर जे घर पडतं ते त्याने घ्यायचं. ईशान यादी वाचत होता. मिनूच्या घराशी आला आणि थांबला. "जुनी इंदूर कोण जाणार?" मिनूचा विषय निघाला. ईशान म्हणाला, तिचं खरं वालं पुढच्या अंकात छापू या. मी म्हणाले, त्यासाठी तिला विचारावं लागेल. त्याने विचारलं, "तिचा नंबर?" नंबर तिच्या आईचा आहे, विजू. मिनूकडे स्वतःचा फोन नाही. तिला काहीही विचारायचं तर आधी त्या भिंतीवर पान लावणाऱ्या बाईला विचारावं लागतं. मी हे मुलांना कसं सांगू?

"बोला भिया, जुनी इंदूर कोण?" ईशानने पुन्हा सगळ्यांना विचारलं.

मी हात वर केला. "मी जाते. मी देऊन येईन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांनी अंक वाटायचे नाहीत, असंही तू आणि मुलांनी कधीतरी ठरवलेलं असणार. मला ते विचारायची वेळ कधी आली नव्हती. ओवी माझ्या खुर्चीच्या हातावर बसली होती. ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊ नये अशी, "काकू, मोठे नाही जात."

मी हात खाली घेतला.